सात तोंडांच्या सापापुढचं गाऱ्हाणं

प्रिय हर्षद,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण पहिल्याच शब्दावर काट मारलेलं पत्र पाठवणं बरं दिसेना, म्हणून राहू दिलं. त्यावरून कसलाही समज करून घेऊ नकोस. मी भयंकर चिडलेली आहे.

तुझा व्हिडिओ बघून मी तुला मेसेज केला होता. चांगला लांबलचक, शेलक्या शब्दांत. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'इतक्या प्रेमाबद्दल आभार', पुढे जोडलेले हात आणि एक लाल बदाम. म्हणजे तुझे मेसेज हल्ली दुसरंच कुणीतरी वाचतं, किंवा वाचतही नाही, नुसते बदाम वाटतं. मी शिव्या घातल्या होत्या रे! म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. तुझी आई उद्या अंधेरीहून आमच्याकडे यायची आहे, आमच्या आईने गावाहून आणलेलं कुळथाचं पीठ न्यायला. त्या पिशवीत हे पाकीट ठेवते. रविवारच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं आणि तू ते स्वतः वाचायला हवं. का ते सांगते, पण आधी मला भांडू दे.

'वेल्मार अजून कुणाला हवंय?' व्हिडिओला काय पण नाव शोधलंस! वेल्मार या व्हिडिओ गेमचा दहावा भाग येतोय, रविवारी मालाडच्या मॉलमध्ये त्याचा मोठा सोहळा, स्टेजवर माईक घेऊन तूच उभा राहणार, आणि आठवडाभर आधी तूच बोंब मारतोस की ही मालिका म्हातारी झाली. तुझ्यापेक्षा कमाल तो बनवणाऱ्या कंपनीची. तिला म्हणे असली चर्चाच हवी असते. आजच्या पोरांना वीस मिनिटांत निकाल लागतो, तू म्हणालास, त्यांना गावोगाव हिंडत बसायला, विहिरी खणायला, खेळातल्या माणसांची रडगाणी ऐकायला वेळ नाही. जे अजून खेळतात ते लहानपणाच्या आठवणीत अडकलेले. 'वेल्मार अब अंकल लोगों का गेम है.' हे वाक्य तू तीनदा म्हणालास, दर वेळी जास्त हसून.

बरं, मी काही आंधळी भक्त नाही. नववा भाग फसला, हे मी तुझ्याआधी बोलले असते. कुठे जायचं ते दाखवायला आकाशात बाण लटकवलेत मेल्यांनी! रस्ता चुकायचीही सोय ठेवली नाही. पहिल्या भागात आपण त्या मिठाच्या खाडीत किती दिवस भरकटलो होतो, आणि त्या भरकटण्यातच आपल्याला तो आंधळा नावाडी भेटला, जो पुढे शेवटपर्यंत आपल्यासोबत राहिला. नवव्या भागात असा कुणी भेटतच नाही, कारण बाण सोडून कुणी जातच नाही. तेव्हा खेळ बिघडतोय, कबूल. पण तो खेळणारे म्हातारे झाले म्हणून नव्हे रे. बनवणाऱ्यांचा खेळणाऱ्यांवरचा विश्वास उडाला म्हणून. आणि तो उडवायला तुझ्यासारखे लोक मदत करतात, रोज उठून सांगतात की कुणाला धीर नाही, कुणाला वेळ नाही.

घाटकोपरला आमच्या चष्म्याच्या दुकानात माझ्याबरोबर क्षमा आहे. पंचविशीची पोर. ती अजून आठव्या भागात आहे आणि तिला पुढे जायचंच नाहीये. डबा खाताना मला सांगत असते, काल मी लढाईला गेलेच नाही, माझ्या गावातल्या सुताराचं लग्न लावलं. परवा तिचा तो सुतार आजारी पडला तर ही दुकानात डोळे तपासताना गिऱ्हाइकाला चुकीच्या ओळी वाचायला लावत होती. ती अंकल आहे का? तिच्यासारख्यांना मोजलंस का तू? नाही मोजलंस, कारण त्या आरडाओरडा करत नाहीत, तुझ्या व्हिडिओखाली भांडत नाहीत. त्या आपलं गाव सांभाळत बसतात.

पण हे सगळं मी गिळलं असतं. मतं काय, कुणाचीही असतात. माझं डोकं फिरलं ते व्हिडिओत त्याच्यापुढे जे केलंस त्यावर. तू डोक्याला टॉवेल गुंडाळलास. पोट पुढे काढलंस. आणि मालवणी हेल काढून सांगायला लागलास की भांडुपला तुझ्या शेजारी एक अंकल होते, ते खेळातल्या सापाला मारण्याआधी टीव्हीसमोर नारळ धरून देवाला गाऱ्हाणं घालायचे. 'बा देवा म्हाराजा' असं तू डोळे फिरवून म्हणालास आणि मागे कुणीतरी ढोल वाजवल्याचा आवाज टाकलास. मग म्हणालास, बघा, असे असतात वेल्मारचे फॅन. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांचा नुसता पूर.

शेजारी एक अंकल? माझ्या बाबांना बाळाकाका म्हणायचास ना रे? काकू, म्हणजे तुझी आई, हॉस्पिटलात दुपारपाळीला असायच्या तेव्हा शाळेतून सरळ आमच्याकडे यायचास, आमच्याकडे जेवायचास, आमच्या मोरीत पाय धुवायचास. तुझ्या मामाने मस्कतहून तो खेळ पाठवला तेव्हा तुमच्याकडचा टीव्ही सारखा मान टाकायचा, म्हणून ते यंत्र आमच्याकडे आलं आणि तिथेच राहिलं. खेळातलं सगळं इंग्रजी. तू ते अडखळत वाचायचास, मी शब्दकोश धरून बसायची आणि बाबा त्या सगळ्याचं मालवणी करायचे. वेल्मारची राणी आमच्या घरात 'गो बाय माझ्या' असं बोलायची. बाबांनी खेळातल्या आपल्या गावाला आईचं नाव दिलं, 'सुगंधा'. आई अजून टोमणा मारते की माझ्या नावाने गाव वसवलास, पण त्या गावात माझ्यासाठी साधी मोरी बांधली नाहीस.

आणि ते गाऱ्हाणं. ते तू कसं सांगितलंस, तर खिडकीबाहेर उभं राहून बघितल्यासारखं. आत कोण बसलं होतं मग? सात तोंडांच्या त्या सापाने आपल्याला रोज मारलं, आठवतं? तू रडकुंडीला आला होतास. पाचवी-सहावीतला असशील. मग एका संध्याकाळी तूच तुमच्या देव्हाऱ्यातला नारळ उचलून आणलास, काकूंना न विचारता, आणि बाबांच्या हातात देऊन म्हणालास, बाळाकाका, गाऱ्हाणं घाला, गावाला घालतात तसं. बाबा नारळ हातात धरून कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. मला वाटलं, ओरडणार आता. पण त्यांनी पायातल्या चपला काढल्या, टीव्हीसमोर उभे राहिले आणि सुरू केलं. 'बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां सात तोंडांच्या सापाच्या दारात उभी आसत. त्यांच्या बोटांक बळ दी रे म्हाराजा!' आणि दर वाक्यामागे 'व्हय म्हाराजा!' ओरडणारा कोण होता? तू. माझ्यापेक्षा मोठ्याने. 'मधीच लाईट जांव देव नको रे म्हाराजा!' 'व्हय म्हाराजा!' खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं की काय झालं. मग उंबऱ्यावर नारळ फोडला, गूळखोबरं खात आपण लढलो, बटणं चिकट झाली, आणि साप मेला. त्या चिकट बटणांवरून आईने केलेली आरडाओरड तू व्हिडिओत सांगितली असतीस तर मीसुद्धा हसले असते. तू फक्त स्वतःला त्यातून काढून घेतलंस आणि उरलेल्या माणसाला टॉवेल गुंडाळलास.

आता एक गोष्ट ऐक, जी तुला माहीत नाही. मलाही याच आठवड्यात कळली, आणि तीही व्हिडिओवरून मी घरात आदळआपट केली म्हणून. गावाला देवळात गाऱ्हाणं घालायचा मान ठरलेल्या घरांकडे असतो. आमच्या घराकडे तो कधीच नव्हता. आजोबा गिरणीतून सुट्टी काढून शिमग्याला जायचे आणि मागच्या रांगेत उभे राहायचे. बाबाही त्यांच्या बोटाला धरून तिथेच. मागच्या रांगेचं काम एकच, पुढचा बोलेल त्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाबांना सगळं गाऱ्हाणं पाठ होतं, पण ते तोंडातून काढायची त्यांना मुभा नव्हती. इथे भांडुपला मंडळाच्या गणपतीतही तो मान अध्यक्षांचा, नाहीतर देणगी देणाऱ्यांचा. पंपाच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात नारळ कोण देणार? जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हातात नारळ देऊन 'घाला गाऱ्हाणं' म्हणणारा माणूस म्हणजे तू, अर्ध्या चड्डीतला. म्हणून ते इतका वेळ उभे होते. मला हे सांगताना ते कपाटाकडे तोंड करून घड्या घातलेल्या कपड्यांना पुन्हा घड्या घालत होते.

त्यानंतर प्रत्येक भागात, प्रत्येक मोठ्या लढाईआधी त्यांनी गाऱ्हाणं घातलं. तू अंधेरीला गेलास तरी घातलं. मी कामावरून आले की व्हय म्हाराजा म्हणायला मी, मी नसले की आई, भाजी निवडता निवडता. 'सुगंधा' गाव त्यांनी एका भागातून दुसऱ्यात नेत नेत नवव्या भागापर्यंत आणलंय. आता त्या गावात देऊळ आहे आणि देवळापुढे कुणी मागे उभं राहत नाही. बाबांनी सगळी माणसं गोल उभी केली आहेत. त्यासाठी त्यांना देवळाभोवतीची सगळी झाडं तोडून पुन्हा लावावी लागली. मी विचारलं होतं, कशाला एवढा खटाटोप, तर म्हणाले, 'माझो गाव, माझी रीत.' तेव्हा मला वाटलं होतं, निवृत्त माणसाचा छंद. तू विचारतोस ना, ही मालिका अजून कुणाला हवी आहे? घे, हे उत्तर घे. आणि दाखव तुझ्या त्या हसणाऱ्या चेहऱ्यांना.

आता रविवारचं. व्हिडिओच्या शेवटी तू टेबलाखालून एक नारळ काढलास. कॅमेऱ्यासमोर धरलास आणि म्हणालास, 'बाला अंकल, अगर देख रहे हो तो संडे को मलाड आ जाओ, नारियल मेरी तरफ़ से.' तुला तो विनोद वाटला. शेजारच्या किरणने तो व्हिडिओ बाबांना दाखवला, खिदळतच दाखवला असणार. बाबांनी शेवटपर्यंत बघितला, पुन्हा लावायला सांगितला आणि घरी येऊन आईला म्हणाले, 'हर्षान बोलावल्यान. नारळ दाखवल्यान.'

त्याच दिवशी त्यांचा पांढरा सदरा इस्त्रीला गेला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझा व्हिडिओ गेला, सोबत बाबांनी लिहिलं की आमच्या हर्षदने मालाडला मानाने बोलावलं आहे. ज्यांच्या घरात मान आहे तेही त्या ग्रुपवर आहेत. एक-दोघांनी नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. मी दोन दिवस टाळलं आणि मग सरळ सांगून टाकलं की बाबा, हे आमंत्रण नाही, ही चेष्टा आहे, तो तुम्हाला हसतोय, आणि तिथे शेकडो पोरं मोबाईल वर धरून हसतील. माझा आवाज चढला होता. बाबा शांतपणे दाढी करत होते. म्हणाले, 'माका काय कळाक नाय? टॉवेल बांधल्यान, तो माका दिसलो नाय? हसान बोललो तो. पन नारळ दाखवल्यान मा? चार लोकांत नारळ दाखवून बोलावल्यार जावक व्हया. नाय गेलो तर नारळाचो अपमान.' मी म्हटलं, आणि तुमचा झाला त्याचं काय? तर म्हणाले, 'तो त्याचो हिशोब. माझो नको करू.'

काय करू मी या माणसाचं, सांग. दार लावून घेऊ? आईला पाय मुरगळल्याचं नाटक करायला सांगू? आईला विचारलं, तर ती म्हणाली, मी सोबत जाणार, मला नवी साडी नेसायची आहे. दोघंही हट्टाला पेटलेत. आणि चेष्टा करणारा तू, तिकडे अंधेरीत बसून स्टेजवर कुठला रंग शोभेल ते ठरवत असशील.

मी तुला एवढंच लिहिणार होते की सुरक्षा रक्षकांना सांगून त्यांना दारातच थांबव, काहीतरी गोड कारण काढ, एक फोटो काढून परत पाठव. खरंच तसंच लिहायला बसले होते. पण काल संध्याकाळी दुकानातून आले तर बाबा गॅलरीत उभे राहून सराव करत होते. हातात नारळ नव्हता, आईचा बटाटा होता. मी दारातच थांबले. मला वाटलं, सापाचं, लढाईचं, नव्या भागाचं काहीतरी असेल. ते होतंच. पण त्याच्या पुढे त्यांनी नवीन जोडलंय. 'बा देवा म्हाराजा, ह्या झिलान लहानपणी माझ्या हातात नारळ दिल्यान. आज त्याचा नाव झाला. जे आज त्याच्याबरोबर हसतत, ते उद्या त्याका हसतले. तेव्हा त्याच्या पाठी उभो ऱ्हव रे म्हाराजा.' आणि मग ते थांबले. सवयीने. मागून उत्तर यायची वाट बघत. आई गॅसपाशी होती, कुकरची शिट्टी होत होती, तिला ऐकू गेलं नाही. मी दारातून पुढे झालेच नाही. गॅलरीत बटाटा धरून माझा बाप तुझ्यासाठी मागणं मागून उभा आणि व्हय म्हणायला कुणी नाही. मग त्यांनी स्वतःच हळू म्हटलं, व्हय म्हाराजा.

म्हणून हे पत्र. त्यांना थांबवू नकोस. रविवारी पाच वाजता ते पांढऱ्या सदऱ्यात येतील, शेजारी नवी साडी नेसलेली आई असेल. नारळ तुझ्याकडचा आहे, तू बोलला आहेस, तो सोललेला, शेंडी ठेवलेला, चांगला पाणीदार बघून आण आणि दोन्ही हातांनी दे. ते चपला काढतील, त्या कुणाला हसून उचलू देऊ नकोस. मग ते सुरू करतील आणि पहिल्या वाक्यानंतर थांबतील. त्या क्षणी मॉलमध्ये कुणालाच कळणार नाही की आता काय म्हणायचं असतं. पोरं खिदळतील, मोबाईल वर जातील. मी सगळ्यात मागे उभी असेन आणि ओरडेन, पण माझा आवाज स्टेजपर्यंत पोचणार नाही. माईक तुझ्या हातात असेल, हर्षद. पाचवी-सहावीत ओरडायचास तसा ओरड.

तुझीच (हेही खोडणार होते),
अक्षता